खांबावरचा मॅनेजर

"मागायचं न्हाई, बाळा. दिसायचं."

गंगूआत्याचा हा आवाज रत्नदीपच्या कानात लहानपणापासून मुक्कामाला होता. भरे गावात कुणाचंसं लग्न होतं. पंगत बसली होती, पत्रावळीवर भात-आमटी वाफाळत होती आणि बुंदीचं घमेलं घेऊन वाढपी दुरून येत होता. रत्नदीपनं हात पुढं केला तसा आत्यानं तो धरला आणि हळूच मांडीवर ठेवला.

"आपल्या माणसांनी दारोदार मागणं सोडलं त्याला लई वर्सं झाली. आता कुणाम्होरं हात करायचा न्हाई. ताठ बसायचं. वाढप्याला दिसलं की तो आपसूक वाढंल."

पोरगं ताठ बसलं. इतकं ताठ की वाढप्याला वाटलं ह्याच्या पाठीत उसण भरलीय. तो जरा जपूनच, लांबून, बुंदी घेऊन पुढं निघून गेला. आत्यानं स्वतःच्या पत्रावळीवरची बुंदी पोराला दिली आणि ती गुणगुणायला लागली. तिच्याकडं प्रत्येक प्रसंगाला एक ओवी असायची.

जात्याला भूक लागे, जातं मागेना गं कुणा
दळणारी जाणे सई, मुठी मुठी घाली दाणा

आत्या गेली, दळायची जाती गेली. रत्नदीप मोठा झाला, शिकला आणि उरवड्याच्या बादल्यांच्या कारखान्यात सुपरवायझर झाला. उंच पत्र्याच्या शेडमध्ये मशीनं ओळीनं उभी होती. वरच्या तोंडानं प्लॅस्टिकचे दाणे खायची आणि खालच्या तोंडानं बादल्या टाकायची. लाल बादली, निळी बादली, आंघोळीचा मग, मगाचा कान. रत्नदीप त्यांच्यामधून फिरायचा तो शेतकरी खाचरांमधून फिरतो तसा. कुठं कड जास्त सुटलीये, कुठं बूड पातळ आलंय, कुठली बादली उचलल्यावर गिऱ्हाइकाच्या पायावर पाणी सोडणार, हे बघत. काम त्याला आवडायचं. पण शेडच्या टोकाला लोखंडी जिना होता, जिन्यावर काचेचं ऑफिस होतं, आणि त्या काचेमागं असिस्टंट मॅनेजरची खुर्ची कितीतरी दिवस रिकामी होती.

ती खुर्ची त्याला पाहिजे होती. झोपेतसुद्धा पाहिजे होती. आणि हे त्यानं आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं.

सांगितलं नव्हतं, पण दिसण्यात त्यानं काही कसर ठेवली नव्हती. तो लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून कामाला यायचा. बॅगेत भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी असायची, पण बॅग लॅपटॉपची होती. चहाच्या सुट्टीत तो काचेच्या बरोबर खाली, उजेडात, कमरेवर हात ठेवून उभा राहायचा आणि विचारात पडल्यासारखा छताकडं बघायचा. मॅनेजर निषाद सर वरून बघायचे आणि मेंटेनन्सला फोन करायचे की पत्रा गळतोय का ते पाहा.

एकदा त्यानं हिय्या करून सरांना म्हटलं, "सर, आता खालून नीट दिसत नाही. वरून जरा वेगळं दिसत असेल."

सर मनानं फार चांगले. पुढच्याच आठवड्यात कारखान्यात डोळे तपासणीचं शिबिर लागलं. रत्नदीपला सगळ्यात पुढं बसवलं.

दुसऱ्यांदा तो म्हणाला, "सर, मी आता ह्या जागेत मावत नाही हो."

त्याला एक साइज मोठा युनिफॉर्म मिळाला.

घरी मोनिका हे सगळं ऐकायची. ती पिरंगुटच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची आणि बायको म्हणून जेवढं सहन करायचं तेवढं तिचं करून झालं होतं.

"सरांना सरळ सांग की, मला ती पोस्ट पायजे."

"त्यांना दिसतंय की."

"दिसायला तू काय डोंगर हायस?"

"मागायचं नसतं, मोनिका."

"मग मला कसं मागितलंस?"

"मी कुठं मागितलं? तुझ्या क्लाससमोर उभा राहायचो."

"व्हय. आन माझ्या बापानं पोलिसात जायची तयारी केली, तवा कळलं तू कशाला उभा ऱ्हातोयस ते."

रत्नदीप भाकरीचा तुकडा चटणीत बुडवत राहिला.

आणि मग एक दिवस नोटीस लागली. असिस्टंट मॅनेजर, प्रॉडक्शन. ज्यांना इच्छा असेल त्यांनी नाव द्यावं, इंटरव्ह्यू गुरुवारी. रत्नदीप नोटीस बोर्डासमोर सकाळी उभा राहिला, दुपारी उभा राहिला, संध्याकाळी उभा राहिला. शेवटी एचआरच्या किमया मॅडम खाली उतरल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही बोर्ड अडवताय. नाव लिहू का तुमचं?" त्यानं मान हलवली. होय म्हणून हलवली की नाही म्हणून, हे मॅडमना नीट कळलं नाही, पण त्यांनी नाव लिहिलं.

त्या रविवारी त्यानं ही गोष्ट फक्त एका माणसाला सांगितली. चुलतभाऊ धम्मपालला. आणि इथंच घात झाला, कारण धम्मपालचं पिरंगुटला फ्लेक्सचं दुकान होतं.

धम्मपाल मनानं लोण्याचा, पण हाताला चैन नाही. कुणाचा वाढदिवस, कुणाची निवड, कुणाच्या गाडीचं आगमन, मुळशीच्या रस्त्यावर आनंद म्हणून जे काही व्हायचं ते धम्मपालच्या मशीनमधून बाहेर पडायचं. दादाचा इंटरव्ह्यू हे ऐकल्यावर त्याचे डोळे भरून आले. रुमालानं डोळे पुसत तो म्हणाला, "दादा, तू गप बस. मी बघतो."

सोमवारी सकाळी रत्नदीप मोटारसायकलवर कामाला निघाला. डिसेंबर होता. भात कापून झालेल्या खाचरांवर धुकं बसलं होतं, पेंढ्याच्या उडव्या त्यात म्हाताऱ्यांसारख्या कांबळं पांघरून बसल्या होत्या. असं गोड सगळं. तो गुणगुणत फाट्यावर आला, वर बघितलं आणि गाडी बंद पडली.

दोन मजले उंच रत्नदीप त्याच्याकडं बघत होता. डोळ्यांवर काळा गॉगल, कानाला मोबाइल. मेव्हण्याच्या हळदीतला फोटो. मागं उगवता सूर्य, विमान आणि का कोण जाणे, एक वाघ. वर लिहिलं होतं, "कंपनीच्या मॅनेजरपदी निवड झाल्याबद्दल रत्नदीपदादांचे हार्दिक अभिनंदन." खाली शुभेच्छुकांची चेहऱ्यांची रांग. आणि कोपऱ्यात, रत्नदीपपेक्षाही ठळक, फेटा बांधलेले गावातले गेणबातात्या.

त्यानं धम्मपालला फोन लावला.

"आरं, इंटरव्ह्यू गुरुवारी हाय. निवड कुटं झालीय?"

"दादा, मला म्हाईत हाय. पन जागा गुरुवारी न्हाई."

"कसली जागा?"

"फाट्यावरच्या खांबाची. बुधवारी तितं गेणबातात्यांच्या राजूचा वाढदिवस लागतोय. तो फ्लेक्स निगायचा न्हाई म्हैनाभर. म्हंजे तुझी निवड झाल्यावर लावायला जागाच न्हाई. आता मोकळी व्हती म्हनून लावली. शेवटी व्हनारच हायस की तू."

"आन असिस्टंट कुटं गेलं त्यातलं?"

"मावत नव्हतं. वाघ काडावा लागला असता."

रत्नदीपनं फोन खिशात टाकला. निषाद सर हिंजवडीच्या टॉवरमधून रोज ह्याच रस्त्यानं यायचे. त्यांच्या यायची वेळ झालीच होती. त्यानं बॅग गाडीला अडकवली आणि खांबावर चढायला लागला.

निम्म्यावर गेला असेल, तेवढ्यात खालून आवाज आला. "ए रत्न्या. काय करतुयास?"

गेणबातात्या. खांब त्यांच्या बांधावर उभा. खांबाच्या पलीकडं त्यांच्या खोल्या, सगळ्या कारखान्यातल्या कामगारांना भाड्यानं दिलेल्या. ते दूध घालून परत येत होते, हातात रिकामी किटली.

"तात्या, उतरवतो जरा."

"का? माजा फोटू चांगला न्हाई आला?"

"तुमचा झकास आलाय, तात्या. माझं चुकीचं छापलंय."

"मग तुजं तू बदल. माजं ऱ्हाऊ दे. बुदवारपतुर कुनी हात लावायचा न्हाई. पाव्हनं बगायला यायचं हायेत."

"तात्या, माझी नोकरी जाईल."

"मॅनेजरची नोकरी कशी जाईल लेका? तूच लोकांच्या घालीवणार आता."

आणि त्याच वेळी धुक्यातून ती पांढरी गाडी आली. हळू झाली. थांबली. काच खाली गेली. निषाद सरांनी वर फ्लेक्सवरच्या रत्नदीपकडं बघितलं. मग खाली खांबाला मिठी मारून लटकलेल्या रत्नदीपकडं बघितलं. रत्नदीपला काहीतरी बोलायचं होतं. पण दोन्ही हात गुंतलेले असताना माणसाला नेमकं काय बोलावं ते सुचत नाही. त्यानं फक्त मान लववली.

काच वर गेली. गाडी निघून गेली.

"सायेब लाजाळू हाय जरा," गेणबातात्या म्हणाले.

कारखान्याच्या गेटवर पोचेपर्यंत रत्नदीपनं तीन भाषांत माफी जुळवली होती. पण ती मागायची वेळच आली नाही. गेटवरच्या वॉचमननं सलाम ठोकला आणि त्याची मोटारसायकल स्टँडकडं न नेता आत नेली, पाटी लावलेल्या जागेवर. पाटीवर लिहिलं होतं, "मॅनेजर." निषाद सरांची गाडी बाहेर, बाभळीखाली, चिखलात उभी होती.

"सर म्हणाले, इथं लावा तुमची," वॉचमन म्हणाला.

वरून चहा आला. कपात आला, बशीसकट. लाइनवरचे लोक बघत राहिले. सायली आंघोळीच्या मगांच्या मशीनवर होती, ती म्हणाली, "दादा, बशी? आता आमच्याशी बोलायचं का न्हाई?" बिहारहून आलेला एक ऑपरेटर हात पुसत आला आणि म्हणाला, "भैया, ऊपर जाओगे तो नीचे का पंखा ठीक करवा देना." रत्नदीप बशी धरून उभा राहिला. कशी धरायची असते तेही विसरला.

दुपारी किमया मॅडम जिन्यावर भेटल्या. त्या बाजूला झाल्या आणि जिना मोकळा करून दिला.

"अभिनंदन," त्या म्हणाल्या. पण तो शब्द त्यांनी असा उच्चारला, जसं बादलीतलं पाणी गरम आहे का गार ते बोट बुडवून बघावं.

"थँक्यू, मॅडम," रत्नदीप म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

आता गंमत अशी होती. निषाद सरांना वाटलं, मुंबईच्या हेड ऑफिसनं आपल्याला काढून ह्याला बसवलं. पण हेड ऑफिसला विचारायचं कसं? विचारलं तर आपल्याला कुणी काही सांगत नाही हे उघड होणार. किमया मॅडमना वाटलं, निवड झालीये आणि एचआरलाच पत्ता नाही. पण सरांना विचारायचं कसं? एचआरनं विचारायचं असतं का, की आमच्या कंपनीत मॅनेजर कोण आहे? आणि रत्नदीपला वाटलं की आत्याचं म्हणणं खरं झालं. इतक्या वर्षांनी वाढप्याला तो दिसला होता. फ्लेक्सनं का होईना, दिसला होता.

त्या रात्री जेवताना तो मोनिकाला म्हणाला, "बघ. काय मागावं लागलं का?"

"तू खांबाला लटकलेला व्हतास म्हनं. फाट्यावर समदी बोलत व्हती."

"ते उतरवायला चढलो व्हतो."

"लोकं म्हनत्यात, पुसायला चढला व्हता. धूळ बसली म्हनून."

मंगळवार, बुधवार असेच गेले. बुधवारी संध्याकाळी राजूचा वाढदिवस आला आणि रत्नदीप वाघासकट खाली उतरला. पण तोवर सगळ्या रस्त्याला खबर होती. भाजीवालीनं कोथिंबीर वर घातली. मोनिकाच्या वडिलांनी फोन करून सांगितलं की त्यांना पहिल्यापासूनच हे पोरगं आवडत होतं.

गुरुवारी रत्नदीप जिना चढला. पायाखाली लोखंड वाजत होतं. काचेचं दार उघडलं. आतला एसी इतका गार होता की त्याला वाटलं आपल्याला मासळीसारखं, टिकून राहावं म्हणून, बर्फात ठेवलंय.

टेबलाच्या अलीकडं दोन खुर्च्या होत्या. त्यांतल्या एकीवर किमया मॅडम होत्या. दुसरीवर निषाद सर होते. पलीकडं, सरांची ती उंच पाठीची, फिरणारी खुर्ची रिकामी होती.

"बसा ना," सर म्हणाले.

"कुठं?"

"तुमच्या जागेवर."

रत्नदीप जाऊन बसला. खुर्ची फिरली. तो भिंतीकडं तोंड करून थांबला, मग पायानं ढकलत परत आला. त्याला जरा मोठेपणा वाटला. नव्या पद्धतीचा इंटरव्ह्यू असणार. मोठ्या कंपन्यांत असंच करतात, त्यानं कुठंतरी ऐकलं होतं.

किमया मॅडमनी घसा साफ केला आणि ठरलेला पहिला प्रश्न विचारला. "स्वतःबद्दल थोडं सांगा."

रत्नदीपनं तोंड उघडलं. पण निषाद सर आधी बोलायला लागले.

"मी तसा मेहनती माणूस आहे," सर म्हणाले. "म्हणजे लोकांना वाटतं मी कडक आहे, पण तसं नाहीये. मोठा बकेट लॉन्च माझ्याच वेळेला झाला. झाकणाचा रंग मात्र माझा निर्णय नव्हता, हे प्लीज रेकॉर्डवर घ्या."

किमया मॅडमनी ते लिहून घेतलं, कारण दुसरं काय करायचं ते त्यांना कळेना.

रत्नदीप बघत राहिला. सरांच्या पायाशी पुठ्ठ्याचं खोकं होतं. खोक्यात मनी प्लांटचं रोप, मुलीचा फोटो, उत्कृष्ट व्यवस्थापन लिहिलेली छोटी सोनेरी बादली आणि चहाचा कप.

"सर, हे काय?"

"मी आवरलंय सगळं. ड्रॉवर पण पुसलेत." निषाद सर म्हणाले. "एकच विनंती आहे, रत्नदीप सर. मला प्रॉडक्शनमध्येच कुठंतरी राहू द्या. नाइट शिफ्ट चालेल. खाली लाइनवर पण चालेल. मला सवय नाहीये, पण मी शिकेन. तुम्ही शिकवाल ना?"

काचेखाली मशीनं बादल्या टाकत होती. रत्नदीपच्या डोक्यात हळूहळू, एकेक करून, सगळं जागेवर बसलं. सरांची गाडी बाभळीखाली. बशी. जिन्यावर बाजूला झालेल्या मॅडम. कुणालाच तो दिसला नव्हता. त्यांना फक्त फाट्यावरचा गॉगल दिसला होता.

आणि त्याच क्षणी एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. त्यानं नुसतं गप्प बसायचं होतं. गप्प बसण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. असिस्टंट सोडा, तो सरळ मॅनेजरच होत होता. खुर्ची तर उबदार झालीच होती. निषाद सर खोकं घेऊन खाली जाणार होते, आणि मुंबईला कळेपर्यंत कितीतरी दिवस गेले असते.

सरांनी खोक्यातला मुलीचा फोटो उचलून बघितला आणि पुन्हा ठेवला. उलटा ठेवला.

"सर," रत्नदीप म्हणाला, "तो फ्लेक्स माझ्या भावानं लावला."

"हो, छान केलाय. वाघ पण छान आहे."

"मला कुणी मॅनेजर केलेलं नाही. मुंबईहून काही आलेलं नाही. बुधवारी खांबावर राजूचा वाढदिवस लागणार होता, म्हणून त्यानं आधीच लावून टाकला. मी उतरवायला चढलो होतो."

निषाद सर बघतच राहिले. "म्हणजे मला काढलेलं नाही?"

"नाही."

"आणि तुम्हाला निवडलेलं नाही?"

"नाही."

किमया मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि डोळे मिटून घेतले. मग त्यांचे खांदे गदगदा हलायला लागले. हसू दाबायला त्या टेबलाखाली काहीतरी शोधायला वाकल्या आणि बराच वेळ वर आल्या नाहीत.

निषाद सर मात्र हसले नाहीत. चेहऱ्यावर रंग परत येत होता तसा रागही येत होता, आणि कुणावर काढावा ते ठरत नव्हतं. "चार दिवस मी चिखलात गाडी लावतोय," ते म्हणाले. "मला सांगायचं तरी एकदा. नाही, मी तुम्हाला विचारायला पाहिजे होतं. पण तुम्ही बोलायला नको का, रत्नदीप? इतकी वर्षं खाली उभे राहून छताकडं बघता. मला वाटायचं, तुम्हाला मानेचा त्रास आहे. नक्की काय पाहिजे काय तुम्हाला?"

रत्नदीप उठला. खुर्ची मागं एक फेरा मारून थांबली. टेबलाला वळसा घालून तो अलीकडं आला. तिथं तिसरी खुर्ची नव्हती, म्हणून तो उभाच राहिला. हात कमरेवर जायला लागले, ते त्यानं खाली घेतले. बोलला तेव्हा आवाज त्याला वाटला त्याहून साधा निघाला.

"सर, मला असिस्टंट मॅनेजर व्हायचंय. लई वर्षं झाली. मी तुमच्याकडं ती जागा मागतोय."